अच्छनसाठी स्थळ पाहताना

५ जानेवारी, रविवार

बोलून बसले! माईकवर! सगळ्या गावासमोर!

आज वाचनालयात सत्कार होता. बी.एस्सी. संख्याशास्त्र, घरातली पहिली पदवीधर — म्हणून शाल आणि एक चकचकीत स्मृतिचिन्ह. त्यावर ‘शिम्ना’ अगदी बरोबर लिहिलेलं. अध्यक्षांचं भाषण संपलं, आणि ते अच्छनला म्हणाले, ‘पवित्रन, बाप म्हणून दोन शब्द बोल की.’

अच्छन उठला. संध्याकाळचे सहा, म्हणजे अर्धी बाटली पोटात. पण चाल सरळ. माईक असा धरला की जणू माडच. म्हणाला, ‘माझ्या पोरीने मला कधी काही मागितलं नाही. आज मागू दे. मागेल ते देईन. सगळ्यांसमोर सांगतो.’

टाळ्या. अध्यक्षांनी माईक माझ्या तोंडाशी आणला. लोकांना वाटलं स्कूटर मागेल. मी स्कूटरच म्हणणार होते, खरंच! आणि तोंडातून आलं — ‘अच्छन, तीस दिवस. दारू सोडवायच्या केंद्रात तीस दिवस राहायचं.’

अम्माने पदर तोंडावर घेतला. मग मागच्या रांगेतून कुणीतरी — ‘पवित्रेट्टा, स्कूटर स्वस्तात पडली असती!’

हशा. अच्छनने माझ्याकडे पाहिलं. माईककडे पाहिलं. म्हणाला, ‘दिले. पण जागा तू शोधायचीस. चांगली. मी कुठल्या गोठ्यात झोपणार नाही.’

दिले! दिले! दिले!

६ जानेवारी

रात्रभर वाटत होतं, सकाळी अच्छन विसरलेला असणार. पहाटे उठून मागच्या दारी गेले. तो कोयतीला धार लावत होता. हात थरथरत होते, कोयती दगडावर टकटक वाजत होती. मग विहिरीमागची छोटी बाटली, एक घोट, दुसरा घोट — हात शांत. मग माडावर.

माडी काढायला अकरा माड, दिवसातून तीन वेळा. तेहतीस वेळा वर, तेहतीस वेळा खाली. हा गुणाकार मी रोज करते, नको असला तरी होतो. गेल्या महिन्यात चौथ्या माडावरून दोन हात घसरला, छातीची साल निघाली. ‘माडाने मिठी मारली,’ म्हणाला. अम्मा हसली नाही. मीही नाही. पुढची मिठी कुठल्या उंचीवरून असेल, ते माहीत नाही.

खाली उतरला आणि स्वतःहून — ‘काय गं, सापडली का जागा?’

आठवतंय त्याला! नवी दोनशे पानी वही घेतली. रकाने आखले.

८ जानेवारी

राज्याच्या यादीतली तेवीस ठिकाणं उतरवून घेतली. सात रकाने: किती दिवस. किती खर्च. सरकारी परवाना. रात्री डॉक्टर असतो का. जबरदस्तीने उचलून नेतात का. घरच्यांना भेटू देतात का. आणि सातवा, माझा लाडका — एकतिसाव्या दिवशी काय?

सातव्याचं उत्तर कुणाकडेच नाही. एक जण म्हणाला, ‘एकतिसाव्या दिवशी? घरी!’ आणि एवढा हसला की मीही हसले.

‘नवप्रभा’ नावाचं एक आहे. जाहिरातीच्या कागदावर पोहण्याचा तलाव आहे, हिरवळीवर बसलेली माणसं आहेत. फोनवरचा माणूस मधाळ.

‘मॅडम, आमचं यश अठ्ठ्याण्णव टक्के.’

‘कितींपैकी?’

‘शंभरपैकी, मॅडम.’

‘तसं नाही. एकूण किती माणसं मोजली? बाहेर पडल्यावर किती महिन्यांनी?’

कागद चाळल्याचा आवाज. मग, ‘मॅडम, पेशंट तुम्ही आहात का?’

अम्माला सांगितलं तर ती चुलीपुढे बसून हसत राहिली. संख्याशास्त्र जिंदाबाद!

९ जानेवारी

आज मी मूर्ख ठरले. पण चांगल्या अर्थाने.

काल रात्री मी विहिरीमागची बाटली उचलून तांदळाच्या डब्यात पुरली होती. वाटलं, आजपासूनच सुरुवात! सकाळी सरकारी मदत-क्रमांकावर फोन करून हे अभिमानाने सांगितलं. पलीकडची बाई ओरडलीच. ‘कोणी सांगितलं तुला? इतक्या वर्षांची सवय आहे, डॉक्टरशिवाय एकदम बंद करायची नाही! झटके येतात, भास होतात, माणूस जाऊ शकतो. आत्ता जा. तो कसा आहे बघ.’

धावले. अच्छन विहिरीच्या कठड्यावर बसलेला, घामाने ओला, कोयती मांडीवर, दोन्ही हात पाखरासारखे. मी तांदळातून बाटली काढली, पुसली, त्याच्या हातात दिली. बाटलीच्या तोंडावर तांदळाचा दाणा होता, तो त्याने तेवढा काढला.

अम्मा दारात उभी. ‘वा! पदवी घेऊन आली, आणि बापाला बाटली शोधून देते!’

दुपारी मी तिला सगळं समजावलं. ‘रात्री डॉक्टर असतो का’ या रकान्याभोवती लाल शाईने चौकट केली.

१२ जानेवारी, रविवार

आज पहिलं स्थळ पाहिलं! डोंगरावरचं, चर्चच्या सिस्टरांचं. मी आणि अच्छन.

पहाटेची खेप उरकून अच्छन तयार झाला — कमरेला इस्त्रीचं पांढरं मुंडू, तेल लावलेले केस, मिशीला कंगवा. घाटातल्या बसमध्ये मला म्हणतो, ‘नीट बघ हं. दातसुद्धा मोजून घे.’ सगळी बस हसली. अर्ध्या बसला वाटलं की बाप-लेक मुलगी पाहायला निघालीयत. एका म्हातारीने मला विचारलं, ‘भावासाठी का?’ मी म्हटलं, ‘बापासाठी.’ पुढचा सगळा घाट ती आमच्याकडे बघत होती.

सिस्टर एल्सीट्टा. ठेंगण्या, पायात रबरी बूट, हातात कुदळ. उकडलेला कसावा आणि मिरचीची चटणी पुढे ठेवली. अच्छनने चौकशी सुरू केली.

‘मासे?’

‘बुधवारी आणि रविवारी.’

‘ताजे की सुके?’

‘डोंगरावर ताजे कुठून येतील, चेट्टा? समुद्राला वर बोलावू का?’

‘प्रार्थना करावीच लागते का? मी मुत्तप्पनचा माणूस. माझा देव माडी पितो.’

‘बसावं लागतं. ऐकायचं की नाही, ते तुमच्यावर.’

हे त्याला फार आवडलं. मी माझे रकाने भरले. तीस दिवस, स्वच्छ, प्रेमळ. कुणाला कुलपात ठेवत नाहीत. पण डॉक्टर मंगळवारीच वर येतो. रात्री काही झालं तर जीपने चाळीस मिनिटं. सिस्टरांनी हे आपणहून सांगितलं, लपवलं नाही.

परतताना विचारलं, कसं वाटलं? ‘मुलगी चांगली आहे. घर समुद्रापासून लांब आहे.’ मग, ‘दुपारची खेप चुकली आज. माडांच्या पोया रुसल्या असतील.’ तान्ही मुलं शेजारी ठेवून आल्यासारखा चेहरा.

१४ जानेवारी

खरी अडचण आज कळली. मी रकान्यांत बुडाले होते, आणि ती माझ्या डोक्यावर लोंबकळत होती!

माड. एकदा पोय, म्हणजे माडाचा न उमललेला तुरा, कापायला घेतली की तिला रोज छाटायची, ठोकायची, मडकं उतरवायचं. एक वेळ चुकली तर रुसते, दोन दिवस चुकले तर सुकते. तीस दिवसांत अकराच्या अकरा माड जातील, आणि माडीवाल्यांची सोसायटी ते बाहेरच्या कुणाला देईल. अच्छन हे सगळं शांतपणे बोलला. म्हणजे पहिल्या दिवसापासून त्याला माहीत होतं. मी विचारलं, ‘मग माईकवर हो का म्हणालास?’

‘तू मागितलंस.’

थोड्या वेळाने म्हणतो, ‘त्या केंद्रांना विचार, आवारात माड आहेत का. असतील तर मी तिथलेच चढतो.’

आठवा रकाना काढला: माड. आणि विचारलंसुद्धा! चार ठिकाणी! एकाने विचारलं, ‘किती नारळ हवेत?’ दुसऱ्याने, ‘पेशंट चढतो? आणि तुम्ही त्याला चढू देता?’

त्या दुसऱ्याचा फोन मी ठेवून दिला.

१७ जानेवारी

कुंजिरामेट्टनकडे गेले. एकटी. घरी न सांगता.

गावात माडी काढणारे आता दोघेच — अच्छन आणि हा. आणि नऊ वर्षं दोघे एकमेकांशी बोलत नाहीत. यानेच सोसायटीत सगळ्यांपुढे म्हटलं होतं की पवित्रन माडीत पाणी घालतो. आमच्याकडे याहून वाईट बोलणं नाही. आईवरून शिवी दिली तर एक वेळ मिटवतात.

ओट्यावर मडकी धूत बसला होता. मान वर न करता — ‘बापाने पाठवलं?’

‘नाही.’

‘मग बस. त्याने पाठवलं असतं तर कुत्रं सोडलं असतं.’ कुत्रं माझ्याच पायाशी झोपलं होतं.

सगळं सांगितलं. ऐकून म्हणाला, ‘माझे बारा, त्याचे अकरा. तेवीस माड चढून मी मरायचं, आणि हा तिकडून गुबगुबीत होऊन येणार. वर म्हणणार, कुंजिरामनने माझ्या माडीत पाणी घातलं!’

मला हसू आवरेना.

‘हसतेस काय? ते मी म्हटलं होतं. खोटं होतं.’ आणि मडक्यात हात घालून घासत राहिला, घासत राहिला. स्वच्छ झालेलं मडकंच. ‘वजनात त्याची माडी माझ्यापेक्षा नेहमी जास्त भरायची. सहन झालं नाही.’

मी एक मडकं उचलून पुसायला घेतलं.

शेवटी म्हणाला, ‘चढेन. पण प्रत्येक माड त्याने स्वतः दाखवायचा. कुठली पोय कुठल्या अंगाने धरायची, ते कागदावर लिहून कळत नाही. तुझ्या वहीत तर मुळीच नाही.’

१९ जानेवारी, रविवार

आजचा दिवस मी मेल्यावरही विसरणार नाही!

अच्छनला तयार करायला दोन रात्री गेल्या, पण आज दोघे माडाखाली उभे. मध्ये मी. मी म्हणजे टेलिफोन.

अच्छन: ‘पोरी, त्याला सांग, तिसऱ्याची पोय हलक्या हाताने ठोकायची. चिडकी आहे.’

कुंजिरामेट्टन: ‘पोरी, त्याला सांग, मी पोया ठोकत होतो तेव्हा हा शेंबूड पुसत होता.’

अच्छन: ‘पोरी, त्याला विचार, त्याचा स्वतःचा तरी पुसला गेलाय का अजून!’

पाचव्या माडापर्यंत माझा घसा बसला. सहाव्यावर अच्छन वर होता, कुंजिरामेट्टन खाली. अच्छनचा उजवा हात मडक्याकडे गेला आणि निसटला. क्षणभरच. मडकं खाली आलं, फुटलं. अच्छन दुसऱ्या हाताने, मांड्यांनी, छातीने, सगळ्याने माडाला चिकटलेला. मी किंचाळायला तोंड उघडलं, पण आवाज निघाला तो कुंजिरामेट्टनचा — ‘पवित्रा! हलू नकोस! श्वास घे आधी!’

नऊ वर्षांनी पहिला शब्द.

अच्छन उतरला. पांढराफटक. दोघे माडाला टेकून बसले. कुंजिरामेट्टन खापऱ्या गोळा करत म्हणाला, ‘आजपासूनच मी चढतो. तू खालून बोल.’

आणि बोलला की! उरलेल्या पाच माडांवर थेट, माझ्याशिवाय, एवढे भांडले की शेजारच्या बायका बाहेर आल्या. मला नोकरीवरून काढल्यासारखं वाटलं. इतका आनंद!

पण तो निसटलेला हात. घाई केली पाहिजे.

२२ जानेवारी

सापडलं!!

सरकारी. माझ्या कॉलेजच्याच शहरातलं. तीन वर्षं घरी येता-जाता बसने त्याच्या समोरून गेले, कधी पाहिलं नाही. भिंतींचा रंग गेलेला, पंखा कण्हतोय, बाकावर वीस माणसं. मन खट्टू झालं. पण वही उघडली आणि रकाने भरू लागले. रात्री डॉक्टर — आहे, रोज. एकवीस दिवस, म्हणजे नऊ माफ. फुकट. घरचं एक माणूस सोबत राहायलाच हवं. नियमच आहे. म्हणजे अम्मा! अम्मा एकवीस दिवस शहरात! तिला सांगितलं तेव्हा पहिला प्रश्न — ‘तिथे संध्याकाळी समुद्रावर जाता येईल का गं?’

मी नर्सबाईंना माझा लाडका प्रश्न विचारला, थोडा बदलून. घरी गेल्यावर पुढे काय?

त्या औषधं मोजत होत्या. ‘शनिवार असेल तर या. शनिवार नसेल तर पुढच्या शनिवारी या. वर्षभर. सगळे बसतात, बोलतात, चहा असतो.’

तेवीस ठिकाणांत पहिल्यांदा सातवा रकाना भरला! मी तिथेच उभी राहून लिहिलं, अक्षर वेडंवाकडं आलं.

मग डॉक्टरांना विचारलं, वर्षानंतर किती जण सुटलेले राहतात? त्यांनी चष्मा काढला. ‘माझ्याकडचे? शंभरातले तीस, फार तर पस्तीस. बाकीचे पुन्हा सुरू करतात. परत आले तर परत घेतो.’

पस्तीस! कुणी मला पस्तीस टक्के सांगितले आणि मी बसस्टँडपर्यंत जवळजवळ नाचत गेले! अठ्ठ्याण्णवला मी हसले होते, आणि या पस्तीसवर माझा पूर्ण विश्वास बसला. भरतीपर्यंत किती, केव्हा प्यायची तेही लिहून दिलंय. उगाच बंद करायची नाही, वाढवायची नाही. सोमवारी भरती.

२५ जानेवारी, शनिवार

अम्माने काय केलं! मी काय केलं! आम्ही सगळ्यांनी!

अम्माचा जुना नवस होता. अच्छन ‘हो’ म्हणाला की घरी मुत्तप्पन आणायचा — देवाचं रूप घेतलेला माणूस, तेवढ्या वेळापुरता तोच देव. सोमवारी जायचं म्हणून आज आणला. मंडप, दिवे, पन्नास माणसं, सगळं दोन दिवसांत. नैवेद्याची माडी आमच्याच माडांची, कुंजिरामेट्टनने उतरवलेली. आणि दारू सोडण्याच्या आनंदात अंगणात माडीची घागर ठेवून आम्ही सगळे हात जोडून उभे! आठ रकाने आखणाऱ्या मला हे एकदाही सुचलं नाही!

मुत्तप्पन अंगणात आला. मुकुट, रंगवलेला चेहरा, हातात धनुष्य. माडी प्याला. मग एकेकाला जवळ बोलावून हात हातात घ्यायला लागला, ज्याला त्याला प्रसाद. कुणाला माडीचा घोट, कुणाला उसळ-खोबरं. अच्छनची पाळी आली. करवंटी भरलेली. देवाच्या हातची, नाही कसं म्हणणार? अच्छनचा हात पुढे झाला. माझ्या शेजारी कुंजिरामेट्टन पुटपुटला, ‘मेलो. माडी माझी, पाप माझं.’

मुत्तप्पनने करवंटी दिली नाही. अच्छनचं मनगट धरलं. बराच वेळ धरून राहिला. मग म्हणाला, ‘पवित्रा, इतकी वर्षं तू चढलास आणि दोघे प्यालो. आता वाटणी करू. चढायचं तू, प्यायचं मी. कबूल?’

अच्छनने मान खाली घातली.

‘कबूल म्हण की! मला एकट्याला सगळी प्यायला मिळतेय, माझं नुकसान करू नकोस!’

अंगण हसलं. अच्छन हसता हसता रडला. मुत्तप्पनने करवंटी स्वतःच्या तोंडाला लावली, आणि अच्छनच्या ओंजळीत उसळ आणि खोबऱ्याचे तुकडे ठेवले. अच्छनने दाणा दाणा खाल्लं.

पाया पडताना मी मुत्तप्पनला काहीच विचारलं नाही. टक्केवारी तर नाहीच.

२६ जानेवारी

पिशव्या भरल्या. अम्माची अच्छनपेक्षा मोठी.

२७ जानेवारी, सोमवार

भरतीच्या खिडकीवर कारकुनाने नाव, गाव, वय घेतलं. पडद्यावर काहीतरी पाहिलं. म्हणाला, ‘नवं कार्ड नको. हे आधी येऊन गेलेत.’

मी म्हटलं, चूक आहे. त्याने पडदा माझ्याकडे वळवला. पवित्रन, गाव आमचंच. ‘स्वतःहून आला. एकटा. सोबत कोणी नाही म्हणून परत पाठवला.’ सकाळी अकरा चाळीस. तारीख माझ्या कॉलेजच्या पहिल्या दिवसाची.

त्या सकाळी ट्रंक डोक्यावर घेऊन त्याने मला वसतिगृहावर सोडलं होतं, आणि मागे न बघता घाईने निघून गेला होता. मला वाटलं, दारूचं दुकान गाठायचं असेल. रात्री पिऊनच घरी पोचला, असं अम्मा म्हणाली. मी पुढचे चार महिने त्याच्याशी बोलले नव्हते.

बाकावर त्याच्या शेजारी जाऊन बसले. विचारलं, सांगितलं का नाहीस?

म्हणाला, ‘घरचं कोण आहे जवळ, असं विचारलं त्यांनी. तुझं नाव घेतलं असतं तर तुला वर्गातून उठवून आणलं असतं.’